फेरफार

माझे वडील गेले तेव्हा त्यांनी मागे काय ठेवलं, याची यादी करायला फारसा वेळ लागला नाही. एक एचएमटीचं घड्याळ, एक सायकल, पंचवीस हजारांची विम्याची पॉलिसी, वाईजवळच्या गावी भावाच्या सामाईकीत सव्वादोन एकर जमीन आणि आम्ही तिघं भावंडं. ही १९९४ सालची गोष्ट. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. पुढे यथावकाश बी.कॉम. झालो, साताऱ्यात बँकेला चिकटलो आणि आता दुसऱ्यांच्या वडिलांनी मागे काय ठेवलं याच्या याद्या करतो. मयत खातेदारांचं टेबल माझ्याकडे आहे. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, नॉमिनीची सही, दोन साक्षीदार. या टेबलावर बसून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. माणसानं मागे काय काय ठेवलं हे पहिल्या फेरीत कधीच कळत नाही. एखादी विसरलेली रिकरिंग, एखादं झोपी गेलेलं खातं मागाहून निघतंच.

आमच्या वडिलांचं असं एक खातं निघालं, ते त्यांना जाऊन तीस वर्षं उलटल्यावर. आणि ते उकरून काढलं आमच्या आक्काच्या मुलीनं.

कुणाच्या घराण्यात गाणं असतं, कुणाच्या घराण्यात टक्कल असतं. आमच्या घराण्यात साखर आहे. वडिलांना होती, आक्काला आहे, दादाला आहे आणि चार वर्षांपूर्वी, घराण्याचं नाव राखावं म्हणून, मलाही झाली. गणपतीला आम्ही सगळे दादाकडे जमतो तेव्हा वहिनी "बिनसाखरेचे किती?" असं विचारत नाही. "साखरेचा कुणाला?" असं विचारते. मोठ्या माणसांत एकटे दाजी हात वर करतात. दाजी म्हणजे आक्काचे यजमान. बाहेरून आलेले, म्हणून वाचले.

दादाची गोष्ट मात्र चहावर भागण्यातली राहिलेली नाही. दोन वर्षांपासून त्याला दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायालिसिसला जावं लागतं. चार-चार तास. कसं काय म्हणून विचारलं तर म्हणतो, "लोक लॉन्ड्रीत कपडे टाकतात, मी रक्त टाकतो. इस्त्री मात्र करून देत नाहीत लेकाचे." यावर हसायचं की नाही हे ऐकणाऱ्याला ठरवता येत नाही. दादाच आधी हसतो, त्यामुळे आपली सुटका होते.

तर गेल्या गणपतीत अशा या मंडळींसमोर आक्काच्या मुलीनं, म्हणजे आमच्या चिमीनं, मोदकांचं ताट बाजूला सारून एक कोरा कागद पसरला. चिमी सत्तावीस वर्षांची आहे आणि पुण्यात पीएच.डी. करते. विषय, मधुमेहामुळे होणाऱ्या किडनीच्या विकाराची घराण्यांतली आनुवंशिक कारणं. हा विषय पहिल्यांदा ऐकला तेव्हा आक्का म्हणाली होती, "एवढी शिकून शेवटी घरचंच काम काढलंस होय गं?"

"मामा, आपल्या घराची वंशावळ काढायचीय," चिमी म्हणाली. "घरचं असल्यामुळे सह्या आणि रक्त माझी मैत्रीण येऊन घेईल. मी फक्त माहिती गोळा करते."

वंशावळ म्हटल्यावर मी सावरून बसलो. मला वाटलं, मूळ पुरुष, गोत्र, कुठल्या तरी लढाईत घोडा पडला वगैरे काहीतरी निघेल. पण चिमीची वंशावळ निराळी होती. पुरुष म्हणजे चौकोन. बाई म्हणजे गोल. गेलेल्या माणसावर तिरपी रेघ. साखर असेल त्याचा डावा अर्धा भाग काळा, किडनीचा विकार असेल त्याचा उजवा अर्धा. माणसाचा भूमितीत इतका झटपट निकाल लागलेला मी प्रथमच पाहिला. ज्याच्यापासून शोध सुरू झाला त्याच्या चौकोनाला बाण काढायचा असतो. दादाचा चौकोन पूर्ण काळा झाला आणि त्याला बाण लागला. दादा चष्मा वर करून बघत म्हणाला, "ऑफिसात तीस वर्षं घासली, पण बोट दाखवून माझं महत्त्व कुणी सांगितलं नव्हतं."

"आणि तुझ्याइतकंच महत्त्व आईला आहे," चिमी म्हणाली.

इथे आक्काची ओळख करून द्यायला हवी. आक्काला साखर निघून वीस वर्षं झाली, म्हणजे दादाहूनही दोन वर्षं जास्त. पथ्याच्या बाबतीत तिचं धोरण उदार आहे. श्रीखंड ती औषध घेतल्यासारखं घेते, म्हणजे वाटीनं नाही, चमच्यानं, पण दिवसातून तीनदा. आणि तिची किडनी? स्वच्छ. रिपोर्ट असा की फ्रेम करून लावावा.

"हेच तर कोडं आहे," चिमी म्हणाली. "आईबाप तेच, लहानपणी ताटातलं अन्न तेच, साखर दोघांनाही. मग मोठ्या मामाची किडनी का गेली आणि आईची का राहिली? अशी भावंडांची जोडी मिळणं म्हणजे आमच्या कामात लॉटरी."

आक्काच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. तिनं ताटातला एक मोदक उचलला. "शास्त्राच्या उपयोगाची किडनी आहे माझी," ती म्हणाली. चिमीनं तिच्या हातातून मोदक काढून घेतला. "आई, हा अभ्यास आहे. परवाना नाही."

जीवशास्त्राशी माझा संबंध दहावीला सुटला तो सुटलाच. त्यामुळे त्या रात्री चिमीनं मला सगळं बँकेच्या भाषेत समजावून दिलं. तेही पुन्हा माझ्या भाषेत सांगतो. चुकलं असेल तर ती चूक कॉमर्सची समजावी.

किडनी म्हणजे कॅश काउंटर. दोन्ही काउंटर मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळून घेतात आणि त्यातलं बहुतेक सगळं परत रक्तात जमा करतात. लघवीवाटे बाहेर पडतं ते दीड-दोन लिटर. प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख गाळण्या असतात. कचरा बाहेर आणि अल्ब्युमिनसारखी कामाची प्रथिनं आत, हा त्यांचा नियम. रक्तातली साखर आणि रक्तदाब वर्षानुवर्षं चढा राहिला की गाळण्यांची जाळी बिघडते आणि खऱ्या नोटा कचऱ्याबरोबर खिडकीबाहेर जाऊ लागतात. याचं वाईट असं की सुरुवातीला काही म्हणजे काही दुखत नाही. कॅश रोज थोडी कमी भरते आहे आणि शाखेत सगळं शांत आहे, असा प्रकार.

"पण साखर असलेल्या प्रत्येकाची किडनी बिघडते असं नाही," चिमी म्हणाली. "ढोबळमानानं तिघांतल्या एकाची. काहींची साखर आयुष्यभर बेफाम असूनही किडनी टिकते. म्हणून लोकांना संशय आला, की यात घराण्याचा काही हात आहे का?"

संशय आला की तपास आलाच. १९८९ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या डॉक्टरांनी मधुमेही माणसांची मधुमेही भावंडं तपासली. ज्यांची किडनी बिघडली होती, त्यांच्या भावंडांपैकी ८३ टक्क्यांत बिघाडाची खूण सापडली. ज्यांची किडनी शाबूत होती, त्यांच्या भावंडांत फक्त १७ टक्क्यांत. अभ्यास लहान होता, पण फरक मोठा होता. पुढच्याच वर्षी अॅरिझोनातल्या पिमा जमातीच्या मधुमेही लोकांचे आकडे आले. आईबाप दोघांच्याही लघवीतून प्रथिनं जात नसतील तर मुलांत हा दोष १४ टक्के, एकाच्या जात असतील तर २३, आणि दोघांच्याही जात असतील तर ४६. इतकी सुबक चढती भाजणी मी फक्त मुदतठेवीच्या जाहिरातीत पाहिली आहे. १९९९ साली चेन्नईच्या डॉक्टरांनाही आपल्याकडच्या भावंडांत हाच कल दिसला.

"म्हणजे गुन्हेगार घरातलाच," मी म्हटलं. "मग पकडला का नाही?"

"पकडायला गेले ना. २००२ साली तुर्कस्तानातली अठरा मोठी घराणी तपासली आणि माग अठराव्या गुणसूत्रापर्यंत नेला. २००५ साली तिथल्या एका जनुकावर बोटही ठेवलं. पण पुढे दुसऱ्या देशांत पडताळून पाहिलं तर कुठे जमलं, कुठे नाही जमलं. मग लोकांनी ठरवलं, घराणी थोडी पडतात, माणसं हजारोंनी घ्यायची. २०१९ साली टाइप वन मधुमेहाच्या जवळजवळ वीस हजार लोकांचा हिशेब जुळवला, तेव्हा सोळा नवीन जागा सापडल्या. त्यातली सगळ्यात ठळक जागा गाळणीच्या जाळीतल्याच कोलॅजनच्या जनुकात होती. त्या जनुकाचा एक वेगळा नमुना ज्यांच्यात असतो त्यांच्या किडनीला उलट संरक्षण मिळतं."

"तोच माझ्यात असणार," आक्का स्वयंपाकघरातून म्हणाली.

"आई, ते सगळे युरोपियन वंशाचे लोक होते. आपल्याकडे काय आहे ते आपल्याकडच्या घराण्यांत शोधायला नको का? म्हणून तर माझी फेलोशिप."

मला उमगलं ते एवढंच. एकाच कारकुनानं लाखाची अफरातफर केली असती तर तो केव्हाच सापडला असता. इथे शेकडो जणांनी चार-चार आणे खाल्लेत. शिवाय घराण्यात नुसती जनुकंच उतरत नाहीत, लोणच्याची बरणीही उतरते. मीठ किती, तंबाखू कुणाला, रक्तदाबाकडे दुर्लक्ष करायची रीत कुणाची, हेही बापाकडून मुलाकडे येतं. त्यातलं रक्ताचं किती आणि बरणीचं किती, हे वेगळं काढणं हीच मेख आहे.

पुढचा रविवार वाईला काकांकडे. काका म्हणजे वडिलांचे थोरले बंधू, वय पंच्याऐंशी, निवृत्त तलाठी. घराण्यातले सगळे जन्ममृत्यू त्यांना तारीखवार पाठ. चिमीनं त्यांना नमस्कार करून कामाचं स्वरूप सांगायला सुरुवात केली. ती "म्युटेशन" म्हणाली मात्र, काका खुर्चीत ताठ झाले.

"म्युटेशन म्हणजे फेरफार. गाव नमुना सहा," ते म्हणाले. "वारसानं होतो, खरेदीनं होतो, वाटपानं होतो. मला काय सांगतेस पोरी, पस्तीस वर्षं तेच लिहिलं."

"आजोबा, हा फेरफार रक्तातला. आपल्या पेशीत तीनशे कोटी अक्षरांची एक पोथी असते. तिची नक्कल होताना एखादं अक्षर बदलतं आणि पुढच्या पिढीत ते तसंच उतरतं."

"म्हणजे नक्कल करताना कारकुनाची चूक. आणि मग पुढचे सगळे उतारे चुकीचे."

"अगदी तेच," चिमी थक्क होऊन म्हणाली. मला हेच समजायला पाऊण तास लागला होता.

हे सगळं दारात उभा राहून माझा चुलतभाऊ ऐकत होता. वंशावळ, वारस, फेरफार आणि वर सह्या! त्याचा चेहरा सामाईक सव्वादोन एकरांसारखा आक्रसला. "सह्या कशावर घेताय?" त्यानं विचारलं. चिमीच्या मैत्रिणीनं संमतिपत्र पुढे केलं. त्यानं ते उभ्यानं वाचलं, बसून वाचलं, मग चष्मा मागवून वाचलं. "यात हक्कसोड वगैरे शब्द नाहीत," असं त्यानं पहिल्यांदा स्वतःला सांगितलं. शेवटी एका ओळीवर त्याचं बोट थांबलं. या अभ्यासातून सहभागी व्यक्तीस कोणताही थेट लाभ होणार नाही. ते वाचून मात्र तो निर्धास्त झाला. ज्यात कुणालाच लाभ नाही तो कागद जमिनीचा असणं शक्य नव्हतं. त्यानं सही केली, रक्त दिलं आणि वर सगळ्यांना उसाचा रस पाजला. साखरवाल्यांनी नुसता वास घेतला.

काकांनी पिढ्या भराभर सांगितल्या. पणजोबा प्लेगात. आजोबा म्हातारपणानं. आजी साखरेनं, पायाला जखम होऊन. मग आमच्या वडिलांचा चौकोन आला.

"हार्टफेल," काका म्हणाले. "लिहून घे."

आम्हा भावंडांनाही हेच माहीत होतं. वडिलांच्या पायांवर सूज असायची, धाप लागायची. हृदय कमजोर आहे असं घरात बोललं जायचं. शेवटचे आठ दिवस ते एका इस्पितळात होते, तिथे डॉक्टर बोलायचे ते फक्त काकांशी. दादा तेव्हा होस्टेलवर होता, आक्का घरी आईजवळ, आणि मी नववीत. पण परत येताना एस.टी.त चिमी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा, बारा वर्षं साखर, रक्तदाब, पायाला सूज, वय अठ्ठेचाळीस. हार्ट असेलही. पण घरी काही कागद असेल तर बघशील?"

कागद होता. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, विम्याच्या क्लेमच्या फायलीत. डॉक्टरांच्या दाखल्याची कार्बन कॉपी. मृत्यूच्या कारणासमोर फिक्या निळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, क्रॉनिक रीनल फेल्युअर. त्याखाली, मूळ कारण, डायबेटिस.

मी टेबलावर दर आठवड्याला पाच-सहा माणसांच्या मृत्यूचे कागद तपासतो. एखाद्याच्या नावातली वेलांटी चुकली तर परत पाठवतो. स्वतःच्या वडिलांचा कागद मी तीस वर्षांत उघडून पाहिला नव्हता.

दसऱ्याला काकांना मुद्दाम साताऱ्याला आणलं. सोनं देऊन-घेऊन झालं, तेव्हा मी तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. काकांनी तो वाचला नाही. बघूनच ओळखला.

"तो फेरफार मी केला," ते म्हणाले. "पोरीचं वय तेवीस. घरात मयत झाली तर लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. स्थळ चालून आलं होतं. घराण्यात मूत्रपिंडाचं दुखणं आहे असं कळलं असतं तर कोण उभं राहिलं असतं दारात? हार्टफेलला कुणी नाव ठेवत नाही. वहिनींना मीच सांगितलं, बोलायचं नाही म्हणून. त्या बोलल्या नाहीत."

कुणीच काही बोललं नाही. मग दाजींनी खाकरून घसा साफ केला.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

आक्कानं त्यांच्याकडे असं पाहिलं की साखर नसलेल्या माणसालाही चक्कर यावी.

"माझा मावसभाऊ त्या इस्पितळात कंपाउंडर होता. ठरायच्या आधीच त्यानं सांगितलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मला मुलगी पसंत होती," दाजी आपट्याचं पान बोटांत फिरवत म्हणाले. "बोललो असतो तर आमच्या वडिलांनी मोडता घातला असता. म्हटलं, त्यांनी लपवलंय, आपणही लपवू. फिट्टंफाट."

म्हणजे एकाच लग्नासाठी दोन्ही पक्षांनी एकच गोष्ट एकमेकांपासून तीस वर्षं लपवून ठेवली होती. त्या लग्नातून चिमी झाली, आणि तिनंच ती शोधून काढली. आक्काला रागवायचं होतं, पण कुणावर हे तिला ठरवता येईना. एकावर रागवावं तर तो नवरा मिळवून देणारा, दुसऱ्यावर रागवावं तर तो नवरा. शेवटी ती डोळे पुसत हसली. आम्हीही हसलो.

दादा म्हणाला, "दाजी, तुमची पसंती मला जरा महागात पडली."

तोही हसतच म्हणाला. पण या वेळी सुटका झाली नाही.

कारण दादाला तेहेतिसाव्या वर्षी साखर निघाली, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात कुणाला किडनीचा त्रास? दादानं सांगितलं, नाही, वडील हार्टनं गेले. आमचं घराणं हार्टचं, म्हणून दादा दर वर्षी इमानेइतबारे कार्डिओग्राम काढत राहिला. लघवीची तपासणी चिठ्ठीत लिहिलेली असायची, ती तो वेळ मिळेल तेव्हा म्हणून सोडून द्यायचा. हृदय ठणठणीत होतं, आजही आहे. चोर मागच्या दारानं येत होता आणि आम्ही पुढच्या दारावर राखण बसवली होती. मागच्या दाराकडे लक्ष गेलं तेव्हा दादा त्रेचाळीस वर्षांचा होता आणि निम्म्याहून जास्त माल गेला होता.

काका दादाचा हात हातात घेऊन बसले. सुया टोचून टोचून फुगलेली ती शीर त्यांनी बोटानं चाचपली. "आधी कळलं असतं तर वाचली असती का रे?" त्यांनी चिमीला विचारायचं ते दादाला विचारलं. दादानं चिमीकडे बघितलं.

चिमी खोटं बोलत नाही, ही तिच्या पिढीची अडचण आहे. "खात्रीनं नाही सांगता येणार, आजोबा," ती म्हणाली. "पण गळती आधी दिसली असती. रक्तदाबाच्या काही गोळ्या अशा किडनीचा ऱ्हास मंदावतात हे २००१ सालीच कळलं होतं. साखर लघवीवाटे बाहेर काढणाऱ्या गोळ्यांनीही किडनी सांभाळली जाते हे २०१९ साली सिद्ध झालं. काही वर्षं नक्की मिळाली असती."

मग तिनं कागद काढला आणि वडिलांच्या चौकोनाचा उजवा अर्धा भाग काळा करायला पेन टेकवलं. पण तलाठ्याच्या घरात नोंद अशी परभारे होत नसते. काकांनी तिला थांबवलं. "फेरफाराला आधी नोटीस काढावी लागते," ते म्हणाले. "कुणाची हरकत?"

"माझी नाही," आक्का म्हणाली. दाजींनी मान हलवली. दादा म्हणाला, "मंजूर." काकांनी चिमीच्या हातातून पेन घेतलं आणि थरथरत्या हातानं तो अर्धा चौकोन स्वतःच काळा केला. रेघेबाहेर थोडी शाई गेली.

राहता राहिला माझा चौकोन. तो डावीकडे काळा होता आणि उजवीकडे चिमीनं प्रश्नचिन्ह काढलं होतं. कारण चार वर्षांत मीही लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी कधी केली नव्हती. कारणं माझ्याकडे भरपूर होती. मार्च एंडिंग, ऑडिट, पाऊस. खरं कारण एकच. जे खातं उघडलंच नाही त्यात शिल्लक किती हे कळत नाही, असा माझा समज होता.

"तुमच्या अभ्यासात कळेलच की," मी चिमीला म्हटलं.

"मामा, तो अभ्यास आहे. तुझं रक्त तिथे एका नंबरच्या नावानं आहे. शेकडो माणसांत काय जुळतं ते आम्ही बघणार. तुझा रिपोर्ट तुला सातारच्या लॅबमध्येच मिळेल. शंभरेक पावलांवर आहे तुझ्या बँकेपासून."

मग एका सोमवारी सकाळी मी ती बाटली घेऊन निघालो. बाटली लहान, माझा संकोच मोठा. हिनं ती वर्तमानपत्रात गुंडाळून जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ठेवली होती. लॅब उघडायला वेळ होता म्हणून आधी बँकेत गेलो. टेबलावर पिशवी ठेवली आणि कोट्या करण्यात पटाईत असलेल्या आमच्या हेडकॅशियरनं सवयीनं विचारलं, "आज डब्यात काय?" बावीस वर्षांच्या नोकरीत मी डबा लपवण्याची ती पहिलीच वेळ. त्यांना अजून वाटतं की माझ्या डब्यात त्या दिवशी मटण होतं.

रिपोर्ट आला. तीसच्या खाली असेल तर ठीक, तीस ते तीनशे म्हणजे थोडी गळती, त्यावर म्हणजे जास्त. माझा आकडा ४६. डॉक्टर म्हणाले, एकदा आला म्हणजे शिक्का नाही. तापानं, व्यायामानंही वाढतो. तीन महिन्यांनी पुन्हा करा. तीन महिन्यांनी ५२ आला. दोनदा तेच निघालं म्हणजे नोंद कायम. त्यांनी एक गोळी सुरू केली, मिठाचं प्रमाण लिहून दिलं, रक्तदाब कुठवर चालेल ते सांगितलं आणि म्हणाले, "वेळेवर आलात." हे वाक्य मला बँकेत कुणी कधी म्हटलेलं नाही.

पहिला रिपोर्ट आणला त्या संध्याकाळी मी दादाला फोन केला. "सेहेचाळीस," मी म्हटलं. तो जरा थांबला. मग म्हणाला, "पास झालास रे. पस्तीसला पासिंग असतं." आणि फोन ठेवला.

चिमीनं वंशावळीची एक प्रत मला दिली आहे. ती मी ट्रंकेत ठेवली नाही, जेवणाच्या टेबलाच्या काचेखाली घातली. आमची मुलगी अकरावीत आहे. एकदा पोहे खाता खाता तिनं त्यावर बोट ठेवलं.

"बाबा, हा शेवटचा गोल मी ना? रिकामा का आहे?"

"अजून कोरा आहे."

"तसाच राहील?"

अशा वेळी बापानं ठामपणे "हो" म्हणायचं असतं. आमच्या घराण्यात तरी तशी रीत आहे. मी म्हटलं, "माहीत नाही. राहील म्हणून आपण सगळं करू. पण काही झालं तर तुला कुणी हार्टफेल म्हणून सांगणार नाही."

तिनं काकांच्या शाईचा तो रेघेबाहेर गेलेला डाग बराच वेळ निरखला आणि मग पोह्यांवर वरून मीठ घ्यायला उचललेला हात मागे घेतला. एवढं पुरे होतं.

परवा बँकेत वार्षिक आरोग्य तपासणीचे फॉर्म आले. दरवर्षी येतात. त्यात एक रकाना आहे, कुटुंबात कोणास मूत्रपिंडाचा विकार आहे किंवा होता काय? बावीस वर्षं मी तिथे न वाचता "नाही" लिहीत आलो. या वेळी "होय" लिहिलं. खाली तपशिलासाठी अर्धा इंच जागा सोडलेली होती. तेवढ्यात वडील मावेनात, दादा मावेना, काका, दाजी, आक्काचं लग्न आणि माझे ४६ तर मुळीच मावेनात.

म्हणून मी त्या अर्ध्या इंचात तीनच अक्षरं लिहिली. कृ. मा. प.